माहेरचं पाणी

मागच्या मार्गशीर्षात नातीने मला कोलाडला नेलं. राफ्टिंग करायला. माझं वय अडुसष्ट, गुडघे चिपाडासारखे, तरी ती म्हणाली, "आबा, तुम्ही नुसतं बसायचं. वल्ही आम्ही मारू." हिंजवडीत नोकरी करणारी पोर, सुट्टीचा एक दिवस माझ्यासाठी काढते म्हटल्यावर नाही म्हणवेना. आणि खरं सांगायचं तर मला आत्याला भेटायचं होतं. आत्याचं घर त्याच नदीच्या काठी.

सकाळी आठच्या सुमाराला साजे गावाजवळ नदीवर पोचलो. शंभरेक माणसं आधीच आलेली. नारिंगी जाकिटं, डोक्यावर टोप्या, हातात वल्ही, जो तो फोटो काढतोय. पण नदीत पाणी बेताचंच. काळे धोंडे उघडे, मधून एक धार वाहतेय, गुडघाभर असेल नसेल. मुंबईहून आलेला एक गृहस्थ वैतागून म्हणाला, "ही नदी आहे की ओढा? याच्यात होडी कशी चालणार?"

बोट चालवणाऱ्या पोरांपैकी एकजण हसला. तो माझ्या आत्याचा नातू. म्हणाला, "थांबा साहेब. अजून सुटलं नाही. येईल नऊपर्यंत."

आणि आलं. पाणी आलं म्हणजे लोंढा आला असं नाही. आधी काठावरचे कोरडे खडे ओले झाले. मग मघाशी ज्या धोंड्यावर एक बगळा बसला होता तो धोंडा दिसेना. आवाज बदलला. खळखळ होती तिची घरघर झाली, आणि बघता बघता नदी दोन्ही काठांना टेकली. डोक्यावर निरभ्र आकाश, पावसाचा थेंब नाही, आणि नदीला आषाढातल्यासारखं पाणी.

नात म्हणाली, "आबा, हे येतं कुठून?"

पूर्वेकडे सह्याद्रीची भिंत उभी होती. मी तिकडे बोट केलं. "त्या कड्याच्या पलीकडून. आपल्या घरून."

तिला वाटलं मी चेष्टा करतोय. म्हणून हे लिहायला घेतलं. शाळामास्तर होतो, भूगोल शिकवला, पण पुस्तकातल्या नकाशावर हे पाणी कधी दाखवता आलं नाही. नकाशात नदी एका बाजूने वाहते. आमची दोन्ही बाजूंनी वाहते.

ताम्हिणीच्या माथ्यावर उभं राहिलं की एका बाजूला कोकण, दुसऱ्या बाजूला मावळ. कोकणच्या अंगाला कडा तुटलेला, खाली कुंडलिकेचं खोरं. मावळच्या अंगाला उतार सावकाश, खाचरं, टेपाडं आणि मधून मुळा. पाऊस दोन्हीकडे सारखाच बेफाम. ताम्हिणीला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर सहज पडतो, आणि तिथून साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या पुण्यात सातशेच्या आसपास. आमच्याकडे पावसाळ्यात चार महिने इरलं डोक्यावरून उतरत नसे. त्या माथ्यावर पडलेला थेंब हातभर पश्चिमेला पडला तर तो कुंडलिकेतून रोह्यावरून रेवदंड्याच्या खाडीत जाणार. दोन दिवसांत समुद्र. हातभर पूर्वेला पडला तर मुळेत. मुळा दापोडीला पवनेला घेते, पुण्यात संगमावर मुठेला भेटते, पुढे भीमा, भीमेची पंढरपुरात चंद्रभागा होते, मग रायचूरच्या बाजूला कृष्णा आणि शेवटी बंगालचा उपसागर. समुद्र डोंगराच्या मागे नजरेच्या टप्प्यात, आणि आमचं पाणी त्याला पाठ दाखवून अख्खा देश ओलांडायला निघायचं.

आजी वारकरी. तिच्या लेखी या सगळ्या भूगोलाचा अर्थ एकच. "आपलं पानी पांडुरंगाच्या पायापास्नं जातं."

जातं नव्हे, जायचं.

निळा आणि मुळा या दोन नद्या जिथे मिळत तिथे धरण बांधायचं टाटांच्या कंपनीने ठरवलं. खोपोली आणि भिवपुरीनंतरची ही तिसरी योजना. कल्पना बांधणाऱ्यांच्या बाजूने पाहिली तर साधी आणि हुशारीची. पूर्वेला जाणारं पाणी भिंत घालून अडवायचं, तळं फुगवून पश्चिमेला कड्यापर्यंत न्यायचं, डोंगरातून बोगदा काढायचा आणि पाइपातून पाचशे मीटर खाली कोकणात भिऱ्याला सोडायचं. एवढ्या उंचीवरून आलेलं पाणी यंत्रं फिरवणार, वीज मुंबईला, गिरण्यांना. सह्याद्रीचा कडा एका अंगाने तुटलेला आहे आणि दुसऱ्या अंगाने नाही, एवढ्या एका गोष्टीवर सगळी योजना उभी. मी मुलांना शिकवताना म्हणायचो, निसर्गाने जिना इकडे बांधला आणि दरवाजा तिकडे, माणसाने खिडकीतून उडी मारली.

खिडकीखाली बावन्न गावं होती. अकरा हजार माणसं. आमचं जुनं गाव त्यातलंच, आजीचं माहेरही त्यातलंच.

जमीन सरकारने कायद्याने संपादन करून दिली. बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे आधीच गहाण पडलेल्या. कसणारा मावळा कूळ, कागदावर नाव दुसऱ्याचं. त्यामुळे भरपाई वाढवून घ्या म्हणणारे एका बाजूला आणि जमीनच देणार नाही म्हणणारे दुसऱ्या बाजूला, अशी फूट पहिल्यापासून होती. हे आमच्याकडे फारसं बोललं जात नाही. सत्याग्रहाचं बोलतात, सावकाराचं बोलत नाहीत. माझ्या पणजोबांच्या खाचरांचे पैसे कोणाच्या हातात पडले ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण मोठ्याने नाव घ्यायचं नाही असा दंडक. मीही घेत नाही.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. त्या दिवशी हजार-बाराशे मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. बायका आणि पोरंही. आजी तेव्हा अकरा वर्षांची. तिला मोठी भाषणं आठवत नसत. तिला आठवायचं ते ऊन, आणि एका बाईने पदराखाली झाकून आणलेली नाचणीची भाकर. "समदी बसली म्हनून आमीबी बसलो. इंजनावाला आरडाय लागला. मंग त्योबी खाली बसला, तंबाकू मळत." सत्याग्रह म्हणजे काय, असं मी तिला एकदा विचारलं तर म्हणाली, "बसून ऱ्हायचं. उठ म्हनलं तरी."

पांडुरंग महादेव बापट या लढ्यात उतरले आणि 'सेनापती' हे बिरूद त्यांच्या नावाला इथेच लागलं. विनायकराव भुस्कुटे होते. घोषणा होती 'जान किंवा जमीन'. काही महिने काम थांबलं, पुन्हा सुरू झालं, पुन्हा माणसं बसली, मग अटका, तुरुंग. हळूहळू पुढारी थकले, भरपाई घेणारे वाढले. १९२४ मध्ये बापटांनी कामावरची रेल्वे अडवली आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. तिथे लढा संपला. १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं.

जगातला धरणाविरुद्धचा पहिला संघटित लढा म्हणून मुळशीचं नाव आता अभ्यासक घेतात. राजेंद्र व्होरांनी त्यावर पुस्तक लिहिलं. ते वाचलं तेव्हा मी निवृत्तीला आलेलो. आजी त्याच्या कितीतरी आधी गेली. तिला सांगायला हवं होतं की म्हातारे, तू उन्हात बसलीस ते पहिलंच.

गावं बुडाली तेव्हा आमचे लोक लांब गेले नाहीत. पाणी चढेल तसे वर सरकले. रानात, डोंगराच्या उतारावर, जिथे आजवर गुरं चरायची तिथे कुडाची घरं घातली. म्हणून आज तळ्याच्या काठाने गाडीतून जाताना ज्या वाड्या दिसतात त्या जुनी गावं नव्हेत. चांगली जमीन खाली गेली, आंबेमोहोर पिकायचा ती खाचरं खाली गेली, उरली ती वरकस. आजोबांचा धाकटा भाऊ मुंबईला गिरणीत लागला. आपल्याच खाचरावरून गेलेल्या पाण्याच्या विजेवर चालणाऱ्या गिरणीत, असं मी कॉलेजात असताना तावातावाने म्हणायचो. चुलतआजोबा म्हणायचे, "आरं, पगार दर म्हैन्याला व्हता." आमच्या वाडीत वीज आली तेव्हा मी मास्तर होऊन चार वर्षं झाली होती. भिऱ्याची यंत्रं सुरू होऊन तोवर पन्नासहून जास्त.

मे महिन्यात तळं खाली जातं. तेव्हा जोती वर येतात. फुटक्या तुळशीवृंदावनाचा चौथरा, खळ्यातल्या तिवड्याचं भोक, एक उखळ. मी लहान असताना आजी मला घेऊन एकदा उतरली होती. वाळलेला गाळ पायाखाली पापडासारखा मोडत होता. एका दगडापाशी थांबली आणि म्हणाली, "हितं उंबरा." मग चार पावलं पुढे जाऊन उजवीकडे वळली. भिंत नव्हतीच, तरी दारातूनच गेली.

आता आत्याचं.

आत्या आजीचं शेंडेफळ. तिला १९५५ साली कोकणात दिली, कुंडलिकेच्या काठी, रवाळज्याच्या खालच्या अंगाला. मावळातून कोकणात मुली देणं नवं नव्हतं. घाटवाटांनी मीठ, सुकट वर यायची, भात आणि कडधान्य खाली जायचं, त्यासोबत सोयरिकीही जायच्या. मी आठ वर्षांचा असताना वडिलांबरोबर आत्याला आणायला गेलो होतो. पिंपरीवरून अंधारबनातून हिरडीला, हिरडीवरून खाली भिऱ्याला. आता त्या वाटेवर शनिवार-रविवारी पुण्याची पोरं रांग लावून चालतात. तेव्हा वाटेत आम्हाला एक लाकूडतोड्या आणि दोन माकडं भेटली. रान एवढं दाट की दुपारी बाराला संध्याकाळ वाटावी. डाव्या हाताला दरी. खाली उतरलो तेव्हा डोंगराच्या अंगावरून येणारे ते पाइप पहिल्यांदा दिसले. वडील म्हणाले, "हे आपलं पाणी." मला वाटलं पाइप आपले.

भिऱ्याला उकाडा असा की अंगातला सदरा पिळून निघावा. २०१७ च्या मार्चअखेर भिऱ्याचा पारा ४६.५ अंशांवर गेल्याची बातमी पेपरांत झळकली होती. पुढे त्या आकड्याबद्दल शंकाही निघाल्या. मला आश्चर्य वाटलं नाही. तीन बाजूंनी डोंगर, वारा येणार कुठून?

आत्याच्या घरी पोचलो तो मे महिना. आमच्याकडे तळ्याच्या काठाला राहूनही बायका झऱ्यावर वाटी-वाटीने पाणी भरत होत्या, कारण तळं खाली गेलेलं आणि वाडी वर. आणि इथे आत्याच्या परसाखाली नदी भरून वाहत होती. कोकणातल्या नद्या म्हणजे आखूड. पावसात गावं बुडवतील आणि शिमग्याला खडखडाट. कुंडलिका तशीच असायला हवी होती. आत्याच्या सासूने तिचं जुनं रूप पाहिलेलं, नदीत झरे उकरून पाणी भरलेलं. १९२७ नंतर नदी बाराही महिने वाहू लागली. त्या म्हातारीला कोणी सत्याग्रह सांगितला नव्हता. देवकुंडाच्या देवाने पाणी वाढवलं अशी तिची समजूत, आणि दर वर्षी ती नदीला नारळ वाहायची.

आत्याने मात्र ओळखलं होतं. वडिलांना म्हणाली, "दादा, सासरी आले तव्हा आठ दिस रडले. मंग ह्यांनी सांगितलं, वरनं येतं ते पानी तुमच्या मुळशीचं हाय. मंग म्हनलं, माहेर हितंच आलंय की. रोज धुनं त्याच्यातच धुते."

तिला पाण्याच्या वेळा पाठ होत्या. मुंबईला वीज जेव्हा जास्त लागते तेव्हा यंत्रं जास्त फिरतात, त्या हिशोबाने पाणी सुटतं. कुठल्या धोंड्यावर किती वाजेपर्यंत बसायचं, पोरांना कधी वर हाकलायचं, म्हशी पलीकडे कधी न्यायच्या, सगळं ठरलेलं. माहेरचं माणूस यायच्या वेळा कशा ठाऊक असतात, तशा.

आजी लेकीच्या घरी एकदाच गेली, ७४ साली, आत्याच्या मोठ्या मुलीच्या लग्नाला. चौसष्ट वर्षांची म्हातारी अंधारबनाने चालत उतरली. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने तिला कौतुकाने नदीवर नेली. मी होतो बरोबर. आजीने पाण्यात पाय घातला आणि काढला. "गार हाय गं." तळ्याच्या खोलीतून आलेलं पाणी, गार असणारच. मग दोन्ही हात घातले, तोंडावरून फिरवले, काही बोलली नाही. दुपारी जेवणं झाल्यावर पुन्हा खाली गेली. तोवर वरून सोडणं थांबलेलं. पाणी उतरलं होतं, धोंडे उघडे पडले होते, डबक्यात मासे तडफडत होते आणि पोरं ते टोपलीत गोळा करत होती.

आजी बराच वेळ बघत राहिली. मग लेकीला म्हणाली, "आगं, ही नदी न्हवं. हा नळ हाय."

आत्याला ते लागलं. तिने त्या दिवशी आजीशी बोलणं सोडलं ते दुसऱ्या दिवशी निघताना ओटी भरेपर्यंत.

पन्नास वर्षांत त्या नळाला आणखी तोट्या लागल्या. ऐंशीच्या दशकात भिऱ्याच्या वीजघरातून बाहेर पडणाऱ्या पाण्यावर सरकारचं आणखी एक, ऐंशी मेगावॉटचं वीजघर झालं. त्याच्या खालून सुटतं त्याच पाण्यावर साज्यापासून पुढे दहा-बारा किलोमीटर राफ्टिंग चालतं. खाली डोलवहाळला बंधारा आहे, त्यातून कालवे निघतात आणि रोहे-माणगावात उन्हाळी भात होतो. धाटावच्या कारखान्यांचं पाणीही याच नदीचं. नव्वदच्या दशकात भिऱ्याला असं यंत्र बसलं की वीज मुबलक असेल तेव्हा तेच पाणी उलटं पाचशे मीटर वर तळ्यात चढवतं, आणि गरज पडली की पुन्हा खाली सोडतं. हे मला कळलं तेव्हा मी एकटाच हसलो. माहेरचं पाणी माहेरपणाला पण जायला लागलं.

राफ्टिंगवाल्यांना ही नदी का आवडते त्याचंही कारण हेच. पात्र बसाल्टच्या पायऱ्यांचं, उतार भीती घालण्याइतका पण जिवावर न बेतण्याइतका, आणि पाणी घड्याळाप्रमाणे. हृषीकेशला गंगा हिमालयाची, तिथे पावसाळ्यात महापुरामुळे होड्या बंद ठेवतात. कुंडलिकेत बाराही महिने चालतात. दांडेलीला काळी नदीवर असंच धरणाचं पाणी सोडतात. एवढंच काय, अमेरिकेत १९९६ च्या ऑलिंपिकच्या होड्या ज्या ओकोई नदीवर झाल्या तिचंही पाणी धरणवाल्यांच्याच हातात. जगभरात पांढऱ्या पाण्याची मौज पुष्कळ ठिकाणी कोणाच्या तरी वीजघराची उष्टी आहे. त्यात वाईट असं काही नाही. पण उष्टं कोणाच्या ताटातलं, हे एकदा विचारावं.

आमच्या पूर्वेकडच्या लोकांनी ते विचारायला सुरुवात केली आहे, म्हणजे पूर्वीपासूनच विचारताहेत. पुणं वाढलं, हिंजवडी वाढली, सोलापूर उन्हाळ्यात टँकरवर. टाटांच्या सहा धरणांचं पाणी पश्चिमेला जाणं थांबवा, ते भीमेच्या खोऱ्यात सोडा, ही मागणी जुनी आहे. कृष्णा लवादानेही या पश्चिमेच्या पाण्याला मर्यादा घातली, कोणत्याही पाच वर्षांत मिळून २१२ टीएमसीच्या वर वळवायचं नाही. आता वीज करायचे इतर मार्ग आहेत, पाणी करायचा मार्ग नाही, असं ते म्हणतात. खरंच आहे. मुळेला एरवी आमच्या तळ्याचं पाणी मिळतं कधी, तर धरण भरून दरवाजे उघडले की. म्हणजे पुण्याला नको असतं तेव्हा.

गेल्या वर्षी आमच्या देवळात असाच एक अर्ज आला. धरणाखाली गेलेल्या गावांच्या वाड्यांना आधी पाणी, मग उरलेलं पूर्वेला, कोकणात नाही. मास्तर म्हणून पहिली सही माझी घेतली. मी दिली. आजीचा उंबरा डोळ्यासमोर होता. पंढरपूरही होतं, खोटं कशाला बोलू.

साज्याच्या काठावर आत्याचा नातू माझ्या जाकिटाचे पट्टे आवळत होता. तेवढ्यात हळूच म्हणाला, "आबा, तुम्ही सही केली म्हणे त्या अर्जावर."

बातमी घाट उतरून माझ्या आधी पोचली होती.

"केली," मी म्हटलं.

"पाणी तिकडं वळलं तर इथं काय राहील?"

मी त्याला १९२१ सांगायला लागलो. बावन्न गावं, रामनवमी. त्याने ऐकून घेतलं, गुणी पोरगा आहे. मग म्हणाला, "ते मला माहितेय. आजी सांगते. पण आबा, आमच्या बाजूची तीस-चाळीस पोरं यावर आहेत. खालचं भात, रोह्याचं पाणी. ह्यांचं तर काही बुडवलं नाही ना आम्ही? आम्हाला पाणी कोणी विचारून दिलं नाही. आता विचारून नेणार पण नाही."

मला उत्तर सुचलं नाही. बावन्न गावांनाही कोणी विचारलं नव्हतं, हे उत्तर ओठावर आलं होतं. पण ते त्याच्याच बाजूचं उत्तर होतं हे बोलायच्या आत लक्षात आलं. कोयनेचंही हेच, ते पाणी वाशिष्ठीत जातं आणि चिपळूणकडची शेतं त्यावर उभी आहेत. पाणी शंभर वर्षं एका बाजूने वाहिलं की त्या बाजूलाही माणसं तयार होतात. लग्नं होतात, पोरं होतात, पोरांना पोहायला येतं.

नातीने मला होडीत मधोमध बसवलं. पहिल्या उसळीला पाणी थेट तोंडावर आलं. गार. आजी म्हणाली होती तसंच गार. मागच्या सीटवरचा तो मुंबईचा गृहस्थ "आणखी एक, आणखी एक" म्हणून ओरडत होता आणि नात हसून हसून वल्हं मारायचं विसरत होती. मी दोरी घट्ट धरून बसलो होतो. मजा आली का? आली. लपवून काय करू. दुसऱ्या उसळीला मीही ओरडलो.

कामतजवळ उतरलो. कपडे वाळवून दुपारी आत्याकडे गेलो. आत्या आता सत्याऐंशीची. डोळ्यांनी अंधुक, कान मात्र शाबूत. ओटीवर बसली होती. मला जवळ बसवून केसांवरून हात फिरवला, ओले लागले तसं म्हणाली, "ह्या वयात न्हाय ते उद्योग." मग अर्जाचं मी आपणहून सांगितलं. नातवाने सांगितलंच असणार, तरी माझ्या तोंडून जावं म्हणून.

ती गप्प बसली. खाली नदीचा आवाज कमी होत होता. दुपारचं पाणी उतरायला लागलेलं.

"आईची सही व्हती का रं तव्हा, सत्याग्रवात?" तिने विचारलं.

"सही कसली आत्या. अंगठासुद्धा नाही. नुसती बसली होती."

"हं." थोड्या वेळाने म्हणाली, "तू क्येलीस ती बराबर क्येलीस. माह्या आईसाठनं क्येलीस." आणि मग नातवाला हाक मारली, "आरं, मामाला चहा टाक. आन् खालनं कळशीभर पानी आन आधी, पार उतरायच्या आत."

तो कळशी घेऊन उतरला. आम्ही दोघं ओटीवरून बघत होतो. धोंडे एकेक करून वर येत होते.